मोरपाणी

यंदाही पाऊस हस्तातच पाठ फिरवून गेला. चित्रा कोरडी निघाली. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान नेमका पोटरीवर आलेला, आणि परवापर्यंत रोज सकाळी दार उघडलं की अंगणात कोणीतरी उभं. चहा नको म्हणतो, बसत नाही. दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकतो आणि विचारतो, "भाऊ, तुडूम कवा खोलता?"

तुडूम म्हणजे आमच्या गावतलावाचं दार. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, आतल्या अंगाला दगडी चौथरा, त्याला एकाखाली एक भोकं, भोकांत लाकडी डट्टे. पाण्यात बुडी मारून डट्टा उपसला की पाळीखालून पाणी पाटात येतं आणि बांधी-बांधीतून, धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यातुकड्यांतून, उतरत शेवटच्या शेताला लागतं. तलाव माझ्या पूर्वजांनी बांधला. म्हणून सालातला पहिला डट्टा आमच्या घरच्या माणसानं काढायचा, असा पायंडा. पन्नाशी मागे पडली, गुडघा कुरकुरतो, तरी बुडी माझी.

दुसराही एक पायंडा आहे. पाण्याच्या दिवसांत पाळीवर उभं राहून तलाववाल्याचा शब्द कोणी खोडायचा नाही. खोडला तर पाळ फुटते म्हणतात. पाळ काही शब्दानं फुटत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाणी वाटताना डोकी फुटतात हेही ठाऊक आहे. तेव्हा कोणा एकाचं बोलणं शेवटचं मानायचं, एवढाच त्यातला शहाणपणा. या शहाणपणाच्या आडोशाला मी एकदा काय केलं, ते सांगायला आज बसलो आहे. बोलका माणूस मी नाही. सुमन, माझी बायको, म्हणते की तुमच्या तोंडातून गोष्ट काढायची तर तोंडालाही डट्टा बसवायला पाहिजे होता.

या दिवसांचा वास मला पुरतेपणी कधी सहन होत नाही. पोटरीतल्या धानाला दुधाचा वास असतो, कच्चा, हिरवा. पाटाच्या कडेला कुजत्या गवताचा. संध्याकाळी शिंगाडे उकडण्याचा. आणि या सगळ्यांतून माझं नाक अजूनही एक वास शोधतं, जो आता नाही: भाजलेल्या कोंड्याचा गोडसर वास, आणि त्याच्या पोटात दडलेला पेट्रोलसारखा झणका.

गोरेगावच्या रस्त्याला, आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला, एका शेठनं तेव्हा कोंड्यातून तेल काढायचा कारखाना टाकला होता. धान भरडला की तांदळावरची तपकिरी साल निघते तो कोंडा. आमच्या जिल्ह्यात गिरण्या काय कमी? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तो म्हशीपुढे ओतत आलो. आणि हा शेठ गोंदियाहून येऊन म्हणाला, इसमें तेल है. कोंड्यावर हेक्झेन नावाचं रसायन सोडायचं, ते तेल ओढून घेतं, मग रसायन उडवून द्यायचं आणि तेल खाली उरतं. फाटकावर चौकीदार बिडी-माचीस काढून घ्यायचा. एक ठिणगी पडली तर सगळं जाईल म्हणे. गावातली माणसं परतताना आपापली माचीस ओळखून घ्यायची, देवळाबाहेर चपला ओळखावी तशी.

त्या कारखान्याचा केमिस्ट मनोहर.

मनोहर आणि मी एका वयाचे, दोन गल्ल्यांच्या अंतरानं वाढलेले. गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्राला एका बाकावर. कारखाना आला तेव्हा नोकरी मागायला दोघंही गोंदियाला शेठकडे गेलो होतो. शेठनं त्याला विचारलं, "हेक्झेन की भाप हवा से भारी या हल्की?" मनोहर म्हणाला, "भारी. नीचे बैठती है, इसलिए ज्यादा खतरा." मला उत्तर येत होतं. पण माझी पाळी आली तेव्हा शेठ हसून म्हणाला, "आपका तो तालाब है ना भाई? आपको नौकरी की क्या जरूरत?" प्रश्नच नाही विचारला. ज्या तलावाच्या जोरावर मी आयुष्यभर छाती काढून चाललो, त्या तलावानंच मला त्या दारातून मागे फिरवलं. एस.टी.नं परत येताना मनोहर खिडकीशी बसला होता. मला म्हणाला, "तू बस ना बे खिडकीत." मी नाही बसलो.

हेवा एकदम येत नाही. तो झिरपतो. मुरमाच्या पाळीतून पाणी झिरपावं तसा, कुठून ते दिसत नाही, सकाळी पाहावं तर खाली चिखल झालेला. मनोहरनं इस्त्रीचे शर्ट घालायला सुरुवात केली. खिशाला दोन पेन. त्याच्या ओट्यावर कारखान्याचे जाड बूट उलटे वाळत पडलेले असत; मी वाट वाकडी करून तिकडून जायचो आणि त्या बुटांकडे पाहायचो. त्यानं मोटारसायकल घेतली. त्याच्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. गावातल्या बायका त्याच्याकडून सवलतीत तेलाचा डबा आणायच्या. आमच्या घरी मी ते तेल बंद ठेवलं होतं. जवसाचं खाऊ, मोहरीचं खाऊ, म्हशीच्या खाण्याचं तेल माणसानं खायचं नाही, असं मी जाहीर केलं होतं. अक्षयतृतीयेला सुमननं वडे तळले. मी चवीनं खाल्ले, म्हटलं, "पाहा, घरच्या तेलाची गोष्टच न्यारी." ती कढईकडे पाहत म्हणाली, "मनोहर भाऊजींच्या डब्यातलं आहे. तुमी त्यायचा डबा सोडून सगळ्यावर ध्यान ठेवता." मी उरलेला वडा ताटात ठेवून उठलो. रात्री पुन्हा भूक लागली, ती गोष्ट वेगळी.

वाईट म्हणजे मनोहर चांगला होता. त्याला गर्व चढला असता तर मला किती सोपं गेलं असतं! तो अजूनही पाळीवर यायचा, पँट दुमडून पाण्यात पाय सोडून बसायचा, कारखान्याच्या कटकटी सांगायचा. मागच्या बाजूला सांडपाण्याच्या मळीचा खड्डा कच्चाच आहे, शेठला सिमेंटचा कर म्हणून सांगून राहिलो, तो 'अगले सीजन में' म्हणते. मी 'हं' म्हणायचो. मी त्याच्या पायांकडे पाहायचो. बुटांत राहून ते गोरे पडले होते.

त्या वर्षीही असाच हस्त कोरडा गेला. तुडूम उघडायची बोलणी सुरू झाली. देवळापुढे माणसं बसलेली, नवरात्राच्या वर्गणीचा हिशेब चाललेला, कारखान्याकडून मंडप मिळालेला. कोणीतरी सहज म्हणालं, "यंदा तुडुमावरचं नारळ मनोहरच्या हातानं फोडू. बुडी तं भाऊच मारतीन." सगळे 'हो हो' म्हणाले. मनोहर लाजून म्हणाला, "नाई बाप्पा, थे भाऊच्या घरचं काम." मी म्हटलं, "फोडू दे ना. नारळ तं फोडाचं आहे." आणि हसलो. ते हसू माझ्या गालांत किती वेळ दुखत राहिलं, मलाच ठाऊक.

सकाळी मी एकटा पाळीवर गेलो. सलांगीजवळच्या कोपऱ्यात, जिथून भरलेल्या तलावाचं जादा पाणी बाहेर पडतं, तिथे पाण्यावर रंग तरंगत होते. निळा, जांभळा, सोनेरी. मोराच्या पिसासारखे.

आता हे रंग नीट समजून घ्यायला हवेत, कारण सगळं त्यांच्यावर उभं आहे. आमच्या पाळीला तांबडा मुरूम आहे. पाणी उतरू लागलं की त्या कोपऱ्यात मुरमातलं लोखंड पाझरतं आणि पाण्यावर पातळ साय धरते. ती दिसते हुबेहूब तेलासारखी. लहानपणी आम्ही त्याला मोरपाणी म्हणायचो. मनोहर आणि मी काड्या घेऊन तो मोर फोडायचो. काडी लावली की साय पापडासारखी तडकते, तुकडे तुकडे होऊन वेगळी तरंगत राहते. तेल असं करत नाही. तेलात काडी फिरवा, ते मागून लगेच मिटतं. कॉलेजात गेल्यावर मनोहरनंच मला त्यामागचं रसायन समजावलं होतं. हा फरक मला ठाऊक होता, माझं नाव ठाऊक असावं इतका.

तरी त्या सकाळी मला ते तेल दिसलं. ते तेल असावं असं मला इतकं वाटलं, की ते दिसलंच. हातभर अंतरावर बेशरमाची झुडपं होती. काडी मोडायला किती वेळ लागतो? मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि मग गोंदियाची एस.टी. धरली. प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात सांगितलं की कारखान्याचं तेल आमच्या तलावात उतरलं आहे.

तिथल्या मॅडम आल्या. तरुण, उन्हानं लाल झालेल्या, सोबत बाटल्या आणि बर्फाची पेटी. पाळीवर अर्धा गाव जमला. मनोहर कारखान्यातून धावत आला, बुटांसकट.

"मॅडम, हे लोखंडाचं पाणी आहे. काडी लावून पाहा, तुटते. मी दाखवतो."

"पाण्याला हात लावू नका, नमुना घ्यायचाय. आणि तुम्ही कारखान्याचे ना? बाजूला उभे राहा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तलाव तुमच्या घराण्याचा. मलाही शंका येतेय. हे असं दरवर्षी दिसतं का?"

मनोहर माझ्याकडे पाहून हसला. काळजी मिटल्यासारखा हसला. "सांग ना बे. आपन लहानपनी..."

मी म्हणालो, "नाही मॅडम. असं कधी पाहिलं नाही."

पाळीवर कोणी बोललं नाही. मनोहरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि त्याच्या मागून चेहरा निघून गेला. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते लिहितो, कारण तेच खरं पाप आहे: मला बरं वाटलं. उपाशी माणसाला पहिला घास लागावा तसं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणून थांबवते. तपासणीचा निकाल येईपर्यंत तुडूम उघडू नका. रसायन शेतात गेलं तर कठीण."

हे मी धरलंच नव्हतं. मला मनोहरचा नारळ थांबवायचा होता. थांबलं गावाचं पाणी. धान पोटरीवर, ऊन असं की बांधीतली माती आधी पांढरी पडली, मग उलली. रोज संध्याकाळी माणसं पाळीवर येऊन भरल्या तलावाकडे बघत बसायची. तलाव भरलेला आणि शेतं उलत चाललेली, आणि मधे फक्त माझं एक वाक्य. ते मला परत घेता आलं असतं. एक काडी मोडायचा अवकाश होता. पण मग मनोहर खरा ठरला असता.

आणि मग मनोहरनं ते केलं, ज्यासाठी मी त्याला आजवर माफ करू शकलेलो नाही. त्यानं शेठला गाठलं. शेठ म्हणाला म्हणे, "चला दो पंप. गाँव का मामला है." कारखान्याच्या बोअरचं पाणी पाइप टाकून शिवारात सोडलं. वरच्या अंगाला पहिली बांधी माझी. म्हणून पहिलं पाणी माझ्या शेतात आलं. मनोहर स्वतः पाइपाचं तोंड धरून उभा. मला म्हणाला, "सरक ना, पाय भिजून रायले तुये." एवढंच. टोमणा नाही, काही नाही. माझ्या धानाच्या मुळाशी त्याचं पाणी शिरत होतं आणि मला वाटत होतं, एकेक ठोंब उपटून टाकावा. खालच्या शिवारापर्यंत पाइप पुरला नाही. मनोहरची स्वतःची बांधी सगळ्यांत शेवटची. तिचा धान निसवला, पण दाणा भरला नाही. पोचट लोंब्या वाऱ्यावर उभ्याच्या उभ्या राहिल्या. भरलेल्या धानाची मान वाकते, त्यांची वाकली नाही.

निकाल आला: तलावात तेल नाही. तुडूम उघडलं, नारळ मीच फोडला. पण त्या फेऱ्यांत मॅडमनी कारखान्यामागचा कच्चा खड्डा पाहिला होता, तोच, ज्याचं सिमेंट शेठ पुढच्या हंगामावर ढकलत होता. नोटीस निघाली. काही दिवस कारखाना बंद. शेठला कोणाचं तरी नाव पुढे करायचं होतं, त्यानं मनोहरचं केलं आणि त्याला नोकरीवरून काढलं. खड्डा पक्का झाला, नाला स्वच्छ राहिला, आणि पुढे काही वर्षांनी कारखानाच उठून गेला. म्हणजे पाहा, माझ्या खोट्यातून एक खरं काम झालं. सरपंचानं मला शाल दिली. शाळेची मुलं तलाव बघायला येतात, तेव्हा मला बोलावतात. मी पाणी वाचवण्यावर बोलतो, टाळ्या पडतात. गावात मात्र अजून म्हणतात, मनोहरच्या कारखान्यानं तलाव बाटवला होता. त्याचं घर विकलं गेलं. शेवटची बांधी तेवढी त्यानं ठेवली, पिकाच्या वाट्यावर बटईनं दिली. तुडूम उघडताना तो पुन्हा कधी आला नाही.

आणि माझा हेवा? तो संपायला हवा होता. मनोहर गोंदियाजवळ कुडव्याला गेला. तिथे त्यानं लाकडी घाणी टाकली. आता तर लोकांना घाणीच्या तेलाचं खूळ आलं आहे. गोंदियाची माणसं गाड्या घेऊन त्याच्या दारात उभी असतात. मी तिकडून जाताना समोरच्या पानठेल्यावर थांबायचो, सुपारी घ्यायचो आणि पाहायचो. जवस, तीळ, मोहरी. तो मापं भरताना गिऱ्हाइकाशी हसून बोलतो. त्याचे केस माझ्यापेक्षा काळे आहेत. माझ्या खांद्यावर शाल, आणि मला हेवा कसला, तर त्याला रात्री झोप लागत असेल याचा.

परवा तुडूम उघडलं. पाळीवर माणसं, नारळ, गुलाल. सलांगीच्या कोपऱ्यात मोरपाणी होतंच, असतंच. मी कपडे काढले, पंचा नेसलो, आणि बुडी मारायच्या आधी बेशरमाची एक काडी मोडली. सगळ्यांच्या देखत कोपऱ्यात गेलो, काडी लावली. मोर तडकला.

"हे तेल नाही," मी म्हणालो. "तेव्हाही नव्हतं. मला ठाऊक होतं. मी मनोहरवर खोटं बोललो."

मला वाटलं होतं पाळ फुटेल. आसाराम मामा, ज्यांच्या बांध्या मधल्या शिवारात आहेत, त्यांनी तंबाखू चोळली, खालची चुटकी झटकली आणि म्हणाले, "हे तं लहान लेकरालेई मालूम आहे, भाऊ."

"मंग तेव्हा कोनी बोललं काऊन नाई?"

"पाळीवर तुमचा शबद कोन खोडन?" मामा थांबले. मग हळूच म्हणाले, "अना त्याची गाडी का तुमालेच सलत होती का?"

कोणीतरी हसलं. मग ते हसूही विझलं. सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. इतकी वर्षं मी माझं म्हणून जे पोटात सांभाळलं, ते गावाचं सामाईक होतं, तलावासारखं. मला हलकं वाटायला हवं होतं. उलट राग आला. मनोहरचा हेवा करण्याचा हक्कसुद्धा एकट्या माझा नव्हता.

"मारा आता बुडी," मामा म्हणाले, "ऊन चढून रायलं."

मारली. डट्टा उपसला तेव्हा पाण्यानं हात असा ओढला, की क्षणभर वाटलं, घेऊनच जाईल.

ओल्या डोक्यानिशी तसाच कुडव्याला गेलो. या वेळी पानठेल्यावर थांबलो नाही. घाणी फिरत होती. मनोहरनं वर पाहिलं, पुन्हा नरसाळ्यात पाहिलं.

"पाळीवर सांगतलं आज," मी म्हणालो. "सगळ्यायच्या समोर."

त्यानं हातातली बाटली भरून घेतली. बूच लावलं. "काडी मारली?"

"मारली."

"मोडलं?"

"पापडासारखं."

त्यानं बाटली गिऱ्हाइकाला दिली, हात फडक्याला पुसले. मी वाट पाहत होतो. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो म्हणाला, "पानी शेवटच्या बांधीत पोचलं का?"

मला माहीत नव्हतं. डट्टा काढला की माझं काम झालं, असं मी आयुष्यभर समजत आलो. पाटाच्या शेवटापर्यंत मी कधी चालत गेलोच नव्हतो.

"मंग आंधी पाहून ये ना," मनोहर म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. "बोला ताई, जवस का तीळ?"

परत आलो. पाटाच्या कडेनं चालत निघालो. माझी बांधी, आसाराम मामांच्या बांध्या, पुढे मला नावं न येणारी शेतं. ऊन कलत होतं. शेवटच्या बांधीशी पोचलो तेव्हा पाणी नुकतं आत येत होतं. भेगांत शिरताना ते बारीक बुडबुडत होतं. तहानेल्या जनावरानं तोंड लावावं तसा आवाज. वरच्या अंगाला उभं राहून हा आवाज कधी ऐकू आला नव्हता. मी फोन लावला.

"पोचलं."

पलीकडे घाणीची घरघर. मग मनोहर म्हणाला, "हं." आणि फोन ठेवला.

मी बांधावर बसून राहिलो. तलाव आमचा, पाळ आमची, डट्टा आमच्या हातचा. पण तलाव शेवटच्या बांधीवरून कसा दिसतो, हे मनोहरला जन्मापासून ठाऊक होतं. पाणी चढत होतं, आणि मला, खरं सांगतो, त्याचाही हेवा वाटत होता.